शेजार, आरास आणि प्रदर्शन : वस्तीतील कलाप्रदर्शनाची चिकित्सा

१

वस्तीत कलाप्रदर्शन भरविले असता तेथील माणसे एकमेकांच्या जवळ येतात आणि परक्यांचा समुदाय बनतो, हे विधान गेल्या काही दशकांत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, त्याला प्रमाण मागण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. नगरपालिका, कलासंस्था, स्वयंसेवी संघटना आणि गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणी या सर्वांच्या निवेदनांत ते जवळजवळ एकाच शब्दांत आढळते. परंतु विधान सर्वमान्य असणे आणि ते सिद्ध असणे या दोन भिन्न गोष्टी होत.

या विधानाची परीक्षा झालीच नाही, असे मात्र नाही. फ्रान्स्वा मातारासो यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘यूज ऑर ऑर्नमेंट?’ या अहवालात कलेतील लोकसहभागापासून होणारे सामाजिक लाभ विस्ताराने नोंदविले, आणि इंग्लंडमधील सांस्कृतिक धोरणावर त्याचा पुष्कळ प्रभाव पडला. पाओला मेर्ली यांनी २००२ मध्ये त्या अहवालाच्या पद्धतीवर कठोर टीका केली. अभावग्रस्त वस्तीत कला नेल्याने अभाव कमी होतो, की तो सोसण्याची मनाची तयारी तेवढी होते, हा त्यांच्या टीकेतील मर्माचा प्रश्न होता. क्लेअर बिशप यांनी ‘आर्टिफिशियल हेल्स’ या २०१२ मधील ग्रंथात वेगळ्या बाजूने हल्ला चढविला. सहभागाच्या कलेचे मूल्यमापन करताना हेतूच्या चांगुलपणाला गुण दिले जातात आणि कृतीच्या कलात्मकतेविषयी कोणी बोलत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

हे आक्षेप महत्त्वाचे आहेत. तथापि हा वाद मराठीत आणताना आणखी एका गोष्टीची छाननी आवश्यक ठरते. ज्या शब्दांत हे विधान केले जाते, ते शब्दच मुळात काय सांगतात, आणि मराठी भाषकाच्या तोंडी कोणते शब्द येतात? या प्रश्नाच्या वाटेने गेल्यास विधानाची परीक्षा अधिक नेमकी करता येते.

२

‘समुदाय’ हा शब्द या संदर्भात इंग्रजी संज्ञेचा प्रतिशब्द म्हणून वापरला जातो. रेमंड विल्यम्स यांनी ‘कीवर्ड्स’ या १९७६ च्या ग्रंथात मूळ इंग्रजी शब्दाविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. सामाजिक संघटनांचे निर्देश करणाऱ्या इतर शब्दांना केव्हा ना केव्हा निंदेचा रंग चढतो, पण हा एक शब्द मात्र प्रतिकूल अर्थाने क्वचितच वापरला जातो, असे ते निरीक्षण होय. फेर्डिनांड टोनीज यांनी १८८७ मध्ये जिव्हाळ्याचा समूह आणि व्यवहाराचा समाज असा जो भेद केला, त्यातील पहिल्या कल्पनेची ऊब या शब्दाला चिकटून राहिली आहे. मराठीतील ‘समुदाय’ला ही ऊब नाही. तो ग्रंथातला शब्द आहे. ‘समाज’ हा शब्द प्रचारात आहे खरा. परंतु ‘आमच्या समाजात असे चालत नाही’ या वाक्यात त्याचा अर्थ बहुधा जात असाच होतो. म्हणजे जो शब्द जवळचा आहे तो भिंत घालतो, आणि ज्या शब्दाने भिंत पडावी अशी अपेक्षा आहे तो कोणाच्याच जिभेवर नाही.

मराठीचा स्वतःचा शब्द ‘शेजार’ हा होय. तो स्थळवाचकही आहे आणि संबंधवाचकही. ‘शेजार चांगला मिळाला’ असे म्हणणारा मनुष्य घराच्या ठिकाणाविषयी बोलत असतो आणि माणसांविषयीही. ‘शेजारधर्म’ या समासात कर्तव्य येते. पण ते प्रेमाचे नव्हे, उपयोगी पडण्याचे. शेजाऱ्याशी भांडण असू शकते, तरी रात्री-अपरात्री त्याच्या दारावर थाप मारता येते. समुदायाच्या कल्पनेत मतैक्य गृहीत धरलेले असते. शेजाराला ते लागत नाही.

याहून महत्त्वाचा पुरावा सर्वनामांचा आहे. ऐकणाऱ्याला सोडून बोलणाऱ्यांचा जो गट होतो, त्यास मराठीत ‘आम्ही’ म्हणतात. ऐकणाऱ्याला धरून होतो त्यास ‘आपण’. गुजरातीत आणि बहुतेक द्राविडी भाषांत हा भेद आहे. इंग्रजीत व प्रमाण हिंदीत तो नाही. त्यामुळे ‘हे प्रदर्शन आपले सर्वांचे आहे’ आणि ‘हे प्रदर्शन आम्ही भरविले आहे’ ही दोन वाक्ये इंग्रजीत एकाच सर्वनामावर भागतात, आणि तो कार्यक्रम नक्की कोणाचा हा प्रश्न झाकला जातो. मराठीत बोलणाऱ्याला निवड करावीच लागते. शिवाय ‘आपण’चा आणखी एक उपयोग आहे. निमंत्रणपत्रिकेतील ‘आपण अवश्य यावे’ या वाक्यात तेच रूप आदरार्थी द्वितीय पुरुषाचे काम करते, आणि तेथे बोलावणारा व येणारा यांत अंतर असते. ‘आपण करू’ आणि ‘आपण यावे’ यांतील सर्वनाम दिसण्यात एकच आहे. पहिल्यात काम वाटून घेतले जाते, दुसऱ्यात पाहुण्याला मान दिला जातो. वस्तीतील कलाप्रदर्शन या दोहोंपैकी कोणत्या ‘आपण’ने वस्तीला हाक मारते, यावरून त्याची परीक्षा करता येईल.

‘प्रदर्शन’ या शब्दाचे व्याकरणही येथे बोलके आहे. ‘दर्शन’ घेणारा पाहणारा असतो. क्रिया त्याची असते. ‘प्रदर्शन’ शब्दात दाखविण्याचा, म्हणजे प्रयोजक अर्थ प्रधान आहे. क्रिया दाखविणाऱ्याकडे जाते आणि पाहणारा तिचे लक्ष्य होतो. ‘आरास’ याहून निराळी. आरास करतात, ती पाहायला जातात, पण ती कोणी भरवीत नाही. हे भेद कोशापुरते राहत नाहीत, हे पुढील उदाहरणांवरून दिसून येईल.

३

रस्त्यावरील कलाप्रदर्शनाचे विसाव्या शतकातील प्रसिद्ध उदाहरण न्यू यॉर्कमधील वॉशिंग्टन स्क्वेअरचे आहे. १९३१ मध्ये, महामंदीच्या ऐन काळात, ग्रेनिच व्हिलेज भागातील चित्रकारांनी आपली चित्रे पदपथावर मांडून विकण्यास आरंभ केला, आणि पुढील वर्षी त्यास संघटित रूप आले. त्या आरंभाशी जॅक्सन पोलॉक यांचे नाव परंपरेने जोडले जाते. समुदाय घडविणे हा तेथील हेतू नव्हता. घरभाडे निघावे हा होता. चित्रकार त्याच वस्तीत राहत होते आणि त्यांची अडचण शेजाऱ्यांना ठाऊक होती, म्हणून पदपथावरची ती देवघेव परस्परांच्या ओळखीतून झाली. जो समूह पुढे प्रसिद्ध झाला, तो या गरजेचा परिणाम होता. प्रदर्शनाचा प्रघात शतकाच्या उंबरठ्यावर आला असला, तरी ती वस्ती आज गरीब चित्रकारांना परवडण्याजोगी राहिलेली नाही. कलेने वस्तीला नाव मिळवून दिले, नावाने भाडे वाढले आणि वाढत्या भाड्याने कलावंत दूर गेले, ही साखळी अनेक शहरांत आढळते. वस्तीसाठी कला योजणाऱ्याने ती आरंभीच विचारात घ्यावयास हवी.

४

मुंबईतील काळा घोडा कला महोत्सव हे या संदर्भातील भारतातील बहुचर्चित उदाहरण होय. काळा घोडा असोसिएशन १९९८ मध्ये स्थापन झाली आणि १९९९ पासून महोत्सव भरू लागला. ऐतिहासिक वास्तूंच्या या परिसराचे जतन व्हावे आणि त्यास सांस्कृतिक केंद्राचे रूप यावे, हा संस्थेचा हेतू. फेब्रुवारीच्या सुमारास नऊ दिवस चालणाऱ्या या महोत्सवाला प्रवेशमूल्य नाही. शहरातील ज्या माणसाने जहांगीर कलादालनाची पायरी कधी चढलेली नसते, तो येथे रस्त्यावरील मांडणीशिल्पासमोर उभा राहतो. ही या महोत्सवाची निःसंशय कमाई आहे, आणि गर्दीची चेष्टा करणारी टीका ती विसरते.

परंतु हा ‘वस्तीचा’ महोत्सव आहे काय? नावच पाहावे. सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा, अश्वारूढ पुतळा या चौकात होता, त्यावरून लोकांनी परिसराला ‘काळा घोडा’ म्हटले. १९६५ मध्ये पुतळा भायखळ्याच्या उद्यानात हलविला गेला. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ घोडा नसताना नाव टिकले, आणि २०१७ मध्ये स्वाराविना घोड्याचे नवे शिल्प उभे करण्यात आले. येथे वस्तूने नाव दिले नाही, नावाने वस्तू निर्माण केली. महोत्सवाचेही काहीसे असेच आहे. संग्रहालये, न्यायालये, कार्यालये, महाविद्यालये आणि उपाहारगृहे यांनी भरलेल्या या भागात राहणाऱ्यांची संख्या येणाऱ्यांच्या मानाने अगदी थोडी. म्हणून महोत्सवाने आधी असलेल्या शेजाराला आवाज दिला, असे म्हणता येत नाही. त्याने एक परिसर घडविला आणि त्यास पाहुणे मिळवून दिले. त्याचे सर्वनाम निमंत्रणपत्रिकेतील ‘आपण’ हे आहे.

यात दोष काढण्याचे कारण नाही. मात्र हिशेब नेमका असावा. जहांगीरच्या बाहेर पदपथावर चित्रे मांडून बसणारे कलावंत महोत्सवाच्या नऊ दिवसांबाहेरही तेथे दिसतात. त्यांचा एकमेकांशी आणि रोज तेथून जाणाऱ्यांशी जडलेला संबंध हा या परिसरातील शेजाराचा अधिक खरा नमुना आहे. शहराला कलेचा सण मिळणे आणि वस्तीला शेजार मिळणे या भिन्न प्राप्ती आहेत. पहिलीच्या यशावरून दुसरीचा दावा करणे हा तर्कदोष होय.

५

मराठी वाचकाला वस्तीतील कलाप्रदर्शन म्हणून जे परिचित आहे, त्यास तो हे नाव देत नाही. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे, आणि तेव्हापासून चाळ, आळी, वाडी व पेठ यांतील आरास हीच या प्रदेशातील सर्वाधिक लोकांनी केलेली व पाहिलेली सामूहिक दृश्यकला आहे. पुठ्ठा, बांबू, रंगीत कागद आणि पुढे विजेच्या माळा व हलते देखावे यांतून चाळीतली मुले प्रमाण, रंगसंगती आणि प्रकाशयोजना शिकली. कलाशाळेचे तोंडही न पाहिलेल्या कित्येकांचे पहिले सार्वजनिक काम याच मांडवात झाले. समीक्षेने या आराशीकडे धार्मिक किंवा राजकीय घटना म्हणून पाहिले. दृश्यकला म्हणून तिचे वर्णन मराठीत फारसे झालेले नाही. बंगालमध्ये तपती गुहा-ठाकुरता यांनी कोलकात्याच्या दुर्गापूजेवरील २०१५ च्या ग्रंथात पाड्यापाड्यांतील मांडवांचा जसा कलेतिहास लिहिला, तसे काम येथे व्हावयास हवे.

आराशीचे सामर्थ्य कशात आहे? ‘वर्गणी’ या शब्दात त्याचे अर्धे उत्तर सापडते. देणगी देणाऱ्याच्या मर्जीची असते. प्रायोजकाचा पैसा त्याच्या जाहिरातीचा मोबदला असतो. वर्गणी हा वाटा आहे. ती दारोदार जाऊन मागावी लागते, म्हणजे प्रत्येक दाराशी बोलावे लागते. आणि ज्याने ती दिली त्यास ‘यंदाची आरास काही जमली नाही’ असे म्हणण्याचा हक्क मिळतो. आरास उभारण्यासाठी रात्री जागाव्या लागतात, कोणाच्या तरी घरची शिडी आणि कोणाच्या तरी घरचा चहा लागतो, आणि शेवटी सर्व उतरवून जागा झाडावी लागते. पाहण्याच्या दहा दिवसांत जो शेजार दिसतो, तो त्याआधीच्या महिन्याभराच्या कुरबुरींत घडलेला असतो. विषय कोणता घ्यावा यावरून झालेले भांडणही त्या घडणीचाच भाग. तेथील सर्वनाम ‘आपण करू’ हे असते.

तथापि या चित्राचे उदात्तीकरण करणे ही समीक्षा नव्हे. प्रत्येक ‘आपण’च्या बाहेर कोणीतरी उभा असतो. मुंबईत १८९३ च्या ऑगस्टमध्ये हिंदू-मुसलमानांची दंगल झाली आणि त्यानंतरच्या काळात सार्वजनिक गणेशोत्सव फोफावला. त्यापूर्वी अनेक हिंदू ज्या मोहरममध्ये भाग घेत असत त्यापासून त्यांना वेगळे करणे, हा नव्या उत्सवाचा एक परिणाम होता. सरकारविरुद्ध लोकांना एकत्र आणणारा मांडव काही लोकांना दूरही सारीत होता. जातीचा प्रश्नही लवकरच उभा राहिला. १९२६ मध्ये दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्य मानल्या गेलेल्या हिंदूंना पूजेचा अधिकार का नसावा, असा सवाल प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर सी. के. बोले आदी मंडळींनी केला. त्या संघर्षानंतर दादरला निराळा सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू झाला. या वादाचा गाभा भाषिक अर्थानेही लक्षणीय आहे. ‘सार्वजनिक’ या विशेषणातील ‘सर्व’ कोण, असे विचारण्यात आले. वर्गणी देताना जो सर्वांत मोजला जातो तो पूजेच्या वेळी सर्वांतून वगळला जातो, हे त्या विशेषणाला न पेलणारे होते. शब्दाने दिलेले वचन लोकांनी वसूल करावयास घेतले, असे या प्रसंगाचे वर्णन करता येईल.

दुसरे संकट पैशाचे. कोलकात्यात १९८५ पासून एका रंग-उत्पादक कंपनीच्या नावे मांडवांना पारितोषिके दिली जाऊ लागली. तेथील आराशीला कलाशाळेत शिकलेले योजक मिळण्यास आणि विषयसूत्र घेऊन मांडव रचण्याची पद्धत दृढ होण्यास अशा स्पर्धांनी हातभार लावला. २०२१ च्या डिसेंबरात युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. कलेची पातळी त्यामुळे उंचावली, हे मान्य केले पाहिजे. बिशप यांचा आक्षेप या मांडवांना लागू पडत नाही, कारण येथे कलात्मकतेविषयीच सर्वाधिक बोलले जाते. पण ज्या प्रमाणात योजक बाहेरचा आणि पैसा प्रायोजकाचा होतो, त्या प्रमाणात पाड्यातील माणूस आपल्याच मांडवाचा प्रेक्षक होतो. मुंबईतही मोठ्या मंडळांची गोष्ट याहून फार वेगळी नाही. आरास हळूहळू प्रदर्शन होते. दाखविणारा आणि पाहणारा वेगळे होतात.

६

या दोन टोकांच्या मधला एक प्रयोग धारावीत झाला. स्त्रिया व बालके यांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या ‘स्नेहा’ या संस्थेने २०१५ मध्ये ‘धारावी बिएनाले’ भरविली. तिचे दुसरे नाव ‘ॲली गल्ली बिएनाले’ असे होते. आरोग्य, टाकाऊ वस्तूंचा पुनर्वापर आणि कला यांची सांगड घालून, रहिवाशांच्या कार्यशाळांतून वस्तू घडविल्या गेल्या आणि त्या वस्तीतच मांडल्या गेल्या. येथे क्रम उलटा होता. आधी काम, नंतर प्रदर्शन. कार्यशाळेत आलेल्या स्त्रियांना आजार, घरातील हिंसा किंवा पाण्याची टंचाई यांविषयी बोलण्यास हाताला काम असणे उपकारक ठरते, कारण समोरासमोर बसून विचारलेल्या प्रश्नापेक्षा शिवणकाम करता करता झालेले बोलणे अधिक मोकळे असते.

नावाचा विचार येथेही उद्बोधक आहे. ‘बिएनाले’ हा व्हेनिसमध्ये १८९५ पासून भरत असलेल्या प्रदर्शनाचा वारसा सांगणारा, प्रतिष्ठित कलाजगताचा शब्द. त्याच्या आधी आलेली ‘ॲली गल्ली’ ही जोडी मात्र देशी घडणीची आहे. ‘कागदपत्र’, ‘धनदौलत’, ‘बाजारहाट’ यांत जसे दोन भाषांतील समानार्थी शब्द एकत्र येतात, तशीच ती बनली आहे. असे जोडशब्द दोन भाषक-समूह एकमेकांत मिसळतात तेथे तयार होतात, आणि धारावी हे तर तमिळ, मराठी, गुजराती, उर्दू आणि हिंदी भाषकांच्या शेजाराचे स्थान आहे. तेथे मुळात समुदाय नव्हता आणि कलेने तो निर्माण केला, असे मानणे हा त्या वस्तीवर अन्याय होईल. कामाच्या साखळ्या, नळावरच्या रांगा आणि उत्सव यांनी बांधलेला शेजार तेथे पूर्वीपासून आहे.

मेर्ली यांचा प्रश्न मात्र येथे टाळता येत नाही. पाणी, शौचालय आणि घराचा हक्क यांचे प्रश्न प्रदर्शनाने सुटत नाहीत, आणि बाहेरून येणाऱ्या प्रेक्षकाला दारिद्र्याचे आकर्षक रूप पाहिल्याचे समाधान मिळण्याचा धोका असतो. या धोक्यावर एकच उपाय संभवतो. प्रदर्शनाचा पहिला प्रेक्षक वस्तीतला असावा, आणि त्याला जे पटत नाही ते नाकारण्याचा अधिकार असावा.

७

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. प्रदर्शनाने शेजार घडतो, या विधानात कारण व कार्य यांचा क्रम चुकलेला आहे. शेजार घडतो तो प्रदर्शनापूर्वीच्या कामात आणि नंतरच्या आवराआवरीत; उद्‍घाटनाचा दिवस हा त्याचा पुरावा असतो, कारण नव्हे. म्हणून ज्या उपक्रमात वस्तीच्या वाट्याला फक्त पाहणे येते, त्याने गर्दी जमली तरी शेजार वाढला असे म्हणता येणार नाही.

निवडीचा प्रश्न याहून अवघड आहे. आलेले सर्व मांडले तर कोणाचेच नीट पाहिले जात नाही, आणि निवड केली तर ज्याचे नाकारले त्याला शेजाऱ्यांसमोर कमीपणा येतो. बाहेरच्या परीक्षकाकडे निवड सोपविणे हा सोयीचा मार्ग आहे, परंतु त्यात वाद संपतो आणि वादाबरोबर शिक्षणही संपते. आराशीच्या परंपरेने या पेचाला दिलेले उत्तर विचार करण्यासारखे आहे. तेथे अनेकांच्या सुट्या कृतींतून निवड होत नाही, एकाच कृतीत अनेकांना काम दिले जाते. ज्याला रेषा साधत नाही तो दिवे लावतो. सुट्या चित्रांच्या प्रदर्शनालाही चौकटी बांधणे, भिंती उभ्या करणे, नावे लिहिणे, पाहणाऱ्यांना समजावून सांगणे ही कामे असतातच. ती मजुरीने करवून घेतली तर वस्तीजवळ चित्रे उरतात, सहभाग उरत नाही. दर्जाचा आग्रह सोडण्याचे मात्र कारण नाही. शेजाऱ्याने केले म्हणून वाईट आरास चांगली म्हणणे हा शेजारधर्म नव्हे. ‘जमली नाही’ हे स्पष्ट सांगता येणे, आणि सांगूनही पुढच्या वर्षी त्याच मांडवात काम करता येणे, हीच शेजाराची खरी कसोटी होय.

आजच्या मुंबईत या प्रश्नाला निकड आली आहे. १९२० च्या दशकात बांधल्या गेलेल्या वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास चालू आहे. वरळीतील रहिवाशांना नव्या इमारतींतील घरांचा ताबा २०२५ च्या ऑगस्टपासून मिळू लागला. खोली मोठी झाली, स्वच्छतागृह घरात आले, हे सुख उशिरा मिळालेले आणि न्याय्य आहे. पण चाळीची गॅलरी ही जी आयती सामाईक जागा होती, ती उद्वाहनाच्या इमारतीत नाही. गॅलरीने जे न मागता दिले ते आता योजून मिळवावे लागेल, आणि तेथे कलाप्रदर्शनाची कल्पना पुढे येणे स्वाभाविक आहे. ती राबविताना आयोजकांनी पहिल्या सूचनाफलकाचा मसुदा काळजीपूर्वक करावा. तारीख, वेळ आणि प्रमुख पाहुण्यांचे नाव देऊन ‘आपण यावे’ असे लिहिता येईल. किंवा शिडी, खिळे व दोन रात्रींची मदत मागून ‘आपण करू’ असे लिहिता येईल. पहिल्या फलकाने कार्यक्रम पार पडेल. दुसऱ्याला प्रतिसाद कमी मिळण्याचा संभव आहे, तक्रारी अधिक येण्याचा आहे, आणि शेजार घडला तर तो त्याच फलकाने घडेल.